सुई अमिकासिनची, हिशेब मूत्रपिंडाचा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतील वाड्या आणि तांडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर सोपवलेली शाळकरी नातवंडे. हंगाम संपून मुले-सुना परतेपर्यंतच्या या पाच-सहा महिन्यांत आजी किंवा आजोबा गंभीर आजारी पडले, तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणारे माणूस बहुधा शेजारचे असते, नाही तर चौदा-पंधरा वर्षांचा नातू असतो. डॉक्टर विचारतात, ‘‘आजींचे वजन किती? आधीचे काही रिपोर्ट आहेत का? कोणत्या गोळ्या चालू आहेत?’’ आणि उत्तर देणारे कुणी नसते.

या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ज्याची मात्रा ठरते, अशा अमिकासिन या इंजेक्शनाविषयी आज लिहायचे आहे. वृद्धांमधील गंभीर जंतुसंसर्गात, विशेषतः लघवीच्या मार्गातून रक्तात पसरलेल्या संसर्गात, हे प्रतिजैविक वारंवार वापरले जाते. लहान काचेच्या कुपीत पाण्यासारखे दिसणारे औषध, स्नायूत किंवा सलाईनमधून शिरेत दिले जाणारे. किंमत परवडणारी आहे आणि परिणामही चांगला होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी तीन गटांत विभागणी केली आहे, तीत अमिकासिन पहिल्या, म्हणजे सर्वत्र सहज उपलब्ध असावे अशा गटात आहे. मेरोपेनेमसारखी औषधे दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात येतात. तेव्हा डॉक्टरांनी हे इंजेक्शन लिहिले म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती मात्रेची.

ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना या औषधाचे थोरले भावंड आठवत असेल. क्षयरोगासाठी पूर्वी रोज किंवा दिवसाआड घ्यावी लागणारी स्ट्रेप्टोमायसिनची सुई ती हीच. अमेरिकेत १९४३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ती मिळाली. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही तिचे उत्पादन होऊ लागले. त्या सुईने असंख्य माणसे वाचवली, आणि त्यांतल्या काहींना आयुष्यभराची घेरीही दिली. आता नेहमीच्या क्षयोपचारात ती उरलेली नाही. १९५७ साली जपानचे हमाओ उमेझावा यांनी तिथल्या मातीतूनच कॅनामायसिन शोधून काढले. जिवाणूही कमी नव्हते. हे औषध निकामी करणारी विकरे त्यांनी तयार केली. तेव्हा १९७२ साली जपानी संशोधकांनी कॅनामायसिनच्या रेणूला एक छोटी साखळी अशी जोडली, की त्यांतल्या बहुतेक विकरांना तो पकडता येईना. हेच अमिकासिन. म्हणून इतर औषधांना न जुमानणारे कित्येक जिवाणू आजही त्याला बधतात. या साऱ्या कुळाला अमायनोग्लायकोसाइड म्हणतात. जेंटामायसिन आणि टोब्रामायसिन हीही त्याच घरातली.

जिवाणूच्या पेशीत प्रथिने बनवणारे जे यंत्र असते, त्याच्या लहान भागाला अमिकासिन चिकटते. यंत्र थांबत नाही, पण सूचना चुकीच्या वाचू लागते. परिणामी सदोष प्रथिने तयार होतात, ती जिवाणूच्या आवरणात बसतात, आवरण फाटके होते आणि त्या फटींतून आणखी औषध आत शिरते. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्युडोमोनास यांसारखे हट्टी जिवाणू अशा रीतीने काही तासांत मरतात. मात्र आत शिरण्यासाठी औषधाला प्राणवायूची मदत लागते. म्हणून साचलेल्या पुवात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे अमिकासिन जवळजवळ निरुपयोगी ठरते. मधुमेही आजोबांच्या पायात पू झाला असेल, तर ‘‘इंजेक्शन चालूच आहे, चिरा कशाला?’’ असा हट्ट घरच्यांनी धरू नये.

हे औषध आतड्यातून शोषले जात नाही, म्हणून त्याची गोळी निघत नाही. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे काहीही करत नाही. जसे आले तसेच ते मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते. बाहेर जायला दुसरी वाट नाही. मूत्रपिंडे चांगली असतील तर रक्तातले औषध दोन-तीन तासांत निम्मे होते. ती फारच थकलेली असतील, तर त्याच कामाला तीस तासांहूनही अधिक लागू शकतात.

आता माझ्या थोरल्या आत्याची गोष्ट सांगतो. वय शहात्तर, अंगाने काटकुळी. लघवीच्या संसर्गाने तिला थंडी वाजून ताप भरला, ती असंबद्ध बोलू लागली, रक्तदाब उतरला. तिला दाखल केले आणि अमिकासिन सुरू झाले. सकाळी पाचशे, संध्याकाळी पाचशे मिलिग्रॅम, असे दहा दिवस. चौथ्या दिवशी ती उठून बसली. घरी आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पंधरा दिवसांनी सुनेच्या लक्षात आले, की शेगडीजवळ बसूनही आत्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. पुढे फोनची घंटी गेली, मग नातीचा बारीक आवाज गेला. पुरुषमाणसांचे जाड आवाज तिला बराच काळ ऐकू येत राहिले, त्यामुळे ‘‘आत्या सोयीचं तेवढं ऐकते’’ अशी घरात थट्टाही झाली. त्या थट्टेत मीही होतो, याची खंत अजून आहे. ती सुई चुकीची होती असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे आत्या वाचली. पण त्या दहा दिवसांत आत्याला एकदाही काट्यावर उभे केले गेले नव्हते. पुढे वजन केले ते अडतीस किलो भरले.

मूत्रपिंडे उत्तम असलेल्या माणसाला अमिकासिनची नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम असते. अडतीस किलोंना हे होतात ५७० मिलिग्रॅम. आत्याला रोज हजार जात होते, आणि तिची मूत्रपिंडे उत्तम होती असे मानायलाही काही आधार नव्हता. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढे मात्र कागदावर लिहिलेले होते.

वृद्धांच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत या ‘नॉर्मल’ शब्दाने होते. क्रिएटिनिन तयार होते स्नायूंमध्ये आणि बाहेर टाकले जाते मूत्रपिंडांतून. भरदार माणसाच्या अंगात ते भरपूर बनते. वाळलेल्या म्हातारीच्या अंगात स्नायूच थोडे असल्याने ते मुळातच कमी बनते. मूत्रपिंडे अर्ध्याहून कमी काम करत असली तरी रक्तातला आकडा चढत नाही. अहवाल छापणाऱ्या यंत्राला आजीचे वजन ठाऊक नसते. यासाठी कॉकरॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली एक साधे सूत्र दिले, ते औषधांची मात्रा ठरवताना डॉक्टर अजूनही वापरतात. १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्या संख्येला किलोतील वजनाने गुणायचे आणि आलेल्या उत्तराला, क्रिएटिनिनला ७२ ने गुणून येणाऱ्या संख्येने भागायचे. स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणायचे. मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव स्वच्छ करतात, याचा अंदाज मिळतो.

एक उदाहरण करून पाहू. तीस वर्षांचा, ६५ किलो वजनाचा तरुण, क्रिएटिनिन १.१. त्याचे उत्तर येते ९०. आता ७८ वर्षांची, ४२ किलो वजनाची आजी; क्रिएटिनिन तेच, १.१. चाळिशी लावून बसलेल्या वाचकांनी स्वतः करून पाहावे: १४० वजा ७८ म्हणजे ६२, त्याला ४२ ने गुणले की २६०४, भागिले ७९.२, आणि मग ०.८५ ने गुणून उत्तर येते २८. अहवालावरचा आकडा दोघांचाही एकच, पण आजीची मूत्रपिंडे नातवाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही काम करत नाहीत. हा हिशेब घरी मात्रा ठरवण्यासाठी नाही, ते काम डॉक्टरांचेच. मात्र तो करण्यासाठी लागणारे वय आणि वजन हे दोन आकडे घरच्यांकडूनच यायचे असतात.

याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन त्या झोपडीत जाऊन देत असत. बालमृत्यू ठळकपणे घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर जगाने त्याची दखल घेतली. जेंटामायसिन हे अमिकासिनचेच भावंड, धोके तेच. तरीही ते खेड्यात, झोपडीत देता आले, याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे, की त्या स्त्रियांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा होता. बाळाचे वजन आणि ते दिवस भरून जन्मले की आधी, हे पाहूनच औषधाचे माप ठरत असे. अडीच किलोंच्या बाळाचे वजन आपण ग्रॅममध्ये सांगतो. आजीचे वजन आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मात्रा जशी महत्त्वाची, तशीच दोन मात्रांमधली विश्रांतीही. जिवाणू मारण्यासाठी रक्तातली पातळी एकदा उंच जावी लागते. ती उंची गाठली की पातळी उतरल्यानंतरही काही तास जिवाणू डोके वर काढत नाहीत. मूत्रपिंडातल्या आणि कानातल्या पेशींचे गणित नेमके उलटे आहे. त्यांना एकदाची उंच पातळी तितकीशी बाधत नाही. सतत रेंगाळणारी थोडी पातळी अधिक बाधते. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. धो धो पडलेला पाऊस उतारावरून वाहून जातो. मुरते ती रिपरिप. त्या पेशींची औषध शोषून घेण्याची शक्ती मर्यादित असते. एकदम आलेले बरेचसे औषध निघून जाते, रेंगाळलेले आत मुरत राहते. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी दिवसाची सारी मात्रा एकाच वेळी देतात. आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतील, तर पुष्कळदा मात्रेपेक्षा दोन सुयांमधले अंतर वाढवतात. छत्तीस तासांनी किंवा अठ्ठेचाळीस तासांनी पुढची सुई. ‘‘आज आजींना इंजेक्शनच दिलं नाही’’ म्हणून परिचारिकेशी भांडायला निघालेले नातेवाईक मी पाहिले आहेत. अशा वेळी आधी शांतपणे विचारावे. ती सुटी मुद्दाम दिलेली असू शकते. औषधाची रक्तातली पातळी प्रत्यक्ष मोजताही येते, पण ती सोय सर्वत्र नसते.

मूत्रपिंडावरचा परिणाम बहुधा पाच-सात दिवसांनंतर दिसू लागतो, आणि औषध वेळीच थांबवले तर बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत भरून निघतो. इथे शुश्रूषा करणाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. या औषधाने मूत्रपिंड दुखावले तरी लघवी बहुधा कमी होत नाही. पिशवी भरलेली दिसते आणि आपण निश्चिंत होतो. खरी वार्ता देते ती रक्ताची तपासणी. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन तपासले जात आहे ना, हे आदराने विचारणे हा नातेवाइकाचा हक्क आहे. पहिल्या दिवशी ०.८ असलेला आकडा सहाव्या दिवशी १.३ झाला, तर तोही कागदावर ‘नॉर्मल’च्या आसपासच छापला जाईल, पण त्याची चढण धोक्याची आहे.

कानाची गोष्ट अधिक दुःखद आहे. आतल्या कानात ज्या केसाळ पेशी ध्वनी टिपतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमिकासिन आधी बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशींवर घाव घालते. म्हणून कुकरची शिट्टी आणि पाखरांचा आवाज आधी जातो, बोलणे मागाहून. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोल सांभाळणाऱ्या भागाला अधिक दुखावतात. माणूस उजेडात बरा चालतो, अंधारात भिंत धरतो. कानात गुणगुण किंवा शिट्टी वाजणे, कान दडपल्यासारखे वाटणे, घेरी येणे, यांपैकी काहीही इंजेक्शने चालू असताना जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. आजी ‘‘वयच झालं आता’’ म्हणून गप्प बसतात. त्यांना रोज विचारावे लागते. काही कुटुंबांत आईच्या बाजूने चालत आलेला एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते. आई, मावशी, मामा किंवा आजीकडच्या कुणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ती हकीकत पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावी. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार असेल तर तोही सांगावा. अशा रुग्णाचा श्वास या औषधाने मंदावू शकतो.

सोबतच्या औषधांमुळे धोका वाढतो, आणि यातली काही औषधे आपल्या घरातच असतात. गुडघ्यांसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, तापासाठी आणखी कुणी टोचलेले त्याच जातीचे इंजेक्शन, सूज उतरवण्यासाठी दिलेले फ्युरोसेमाइड, सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून सोडलेले रंगद्रव्य, हे सारे अमिकासिनच्या जोडीला आले की मूत्रपिंडावर किंवा कानावर दुहेरी भार पडतो. डॉक्टरांना नाइलाजाने ही जोडी वापरावी लागते, तेव्हा ते तपासण्या वाढवतात. मात्र उशाखालच्या गोळीची त्यांना कल्पनाच नसेल तर ते काय करणार? आणि पाणी. रात्री उठावे लागू नये म्हणून आपल्याकडे वृद्ध स्त्रिया दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर शरीर आधीच सुकलेले असते. सुकलेल्या शरीरात हे औषध अधिक बाधते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल, तर इंजेक्शनांच्या दिवसांत पाणी, ताक, पेज पुरेशी पोटात जात आहे ना, हे पाहावे.

हंगामाला निघण्यापूर्वी मुलांनी एक अर्धा कागद लिहून घरात, देव्हाऱ्याजवळ किंवा रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. वय, या महिन्यात केलेले वजन, शेवटच्या क्रिएटिनिनचा आकडा तारखेसह, चालू गोळ्यांची नावे, कमी ऐकू येते का, मुकादमाचा आणि स्वतःचा फोन नंबर. वजनासाठी उपकेंद्रातला काटा चालतो, रेशन दुकानातलाही चालेल. आजी अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागली, खाईनाशी झाली, पडली, तर ताप नसला तरी ते रक्तात पसरलेल्या संसर्गाचे लक्षण असू शकते. म्हातारपणी ताप चढेलच असे नसते. अशा वेळी हा कागद हातात घेऊन नातवाने शेजाऱ्यासह निघावे. लघवीचे कल्चर शक्यतो पहिल्या सुईच्या आधी घेतले जावे. त्याचा अहवाल आल्यावर पोटातून घेण्याच्या सौम्य औषधावर उतरता येते आणि अमिकासिनचे दिवस कमी होतात. गावातल्या गावात, ‘मागच्या वेळी यानेच बरे वाटले’ म्हणून दुकानातून कुपी आणून टोचून घेणे, हे मात्र कधीही करू नये. चिठ्ठीशिवाय ती विकायलाही कायद्याने मनाई आहे.

इंजेक्शने संपल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवावे, कारण कानाची तक्रार औषध थांबल्यानंतरही सुरू होऊ शकते. शंका आली तर कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करता येईल. आत्याला श्रवणयंत्र मिळाले ते तीन वर्षे उशिरा. आधी मिळाले असते तर त्या तीन वर्षांतले पुष्कळसे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचले असते.

एका वाचकांनी विचारले आहे, की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेले टोब्रामायसिनचे डोळ्यांचे थेंब याच कुळातले आहेत, मग तेही कानाला बाधतील का? नाही. डोळ्यातून रक्तात जाणारे औषध नगण्य असते. थेंब सांगितल्याप्रमाणे पूर्ण करावेत. कानात घालायचे जेंटामायसिनचे थेंब मात्र वेगळे. पडद्याला छिद्र असेल तर ते थेट आतल्या कानापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून कान वाहत असताना पडदा तपासून घेतल्याशिवाय घरातली जुनी बाटली कानात रिकामी करू नये.